डेस्कटॉपच्या मूळ फॉन्टचा आकार १० पॉइंट ठेवावा की ११?

लिनक्सवर चालणाऱ्या एका नव्या डेस्कटॉपची मूळ मांडणी तुम्ही ठरवत आहात आणि डीफॉल्ट फॉन्ट १० पॉइंट ठेवावा की ११, तसेच मेनू, टायटल बार आणि फाइलींची नावे यांना निरनिराळे आकार द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: ११ ठेवा आणि शक्य तिथे सगळीकडे तोच ठेवा. मात्र त्यामागचा हिशेब समजून घेतलात, तर उद्या फॉन्ट किंवा स्क्रीन बदलली तरी तुम्हाला पुन्हा कोणाला विचारावे लागणार नाही.

इतर प्रणालींचे आकडे पाहून आपला आकडा ठरवू नका. छपाईत पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. मॅकिंटॉशने इंचाला ७२ पिक्सेल धरले, म्हणून तिथे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल झाला. विंडोजने मात्र, स्क्रीन कागदापेक्षा लांबून वाचली जाते हे लक्षात घेऊन, इंचाला ९६ पिक्सेल धरले. त्यामुळे मॅकवरचा १३ पॉइंटचा मजकूर आणि विंडोजवरचा ९ पॉइंटचा मजकूर यांत प्रत्यक्षात एकाच पिक्सेलचा फरक पडतो, कारण ९ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल. लिनक्सवरचे बहुतेक डेस्कटॉपही ९६ हाच आकडा गृहीत धरतात, मग समोरची स्क्रीन प्रत्यक्षात कशीही असो.

डोळ्याला पॉइंट कळत नाहीत, त्याला कोन कळतो. स्क्रीनवरील मजकुराविषयीच्या आयएसओ ९२४१ या मानकात रोमन लिपीतील मोठ्या अक्षराची उंची डोळ्यापाशी किमान १६ कोनीय मिनिटांचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा ६०वा भाग) कोन करील एवढी असावी आणि २० ते २२ मिनिटे असल्यास उत्तम, असे धरले आहे. ६० सेंटीमीटर अंतरावरून १६ मिनिटे म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर होतात. मोठ्या अक्षराची उंची फॉन्टच्या आकाराच्या साधारण ७० टक्के असते असे धरून २४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर गणित केले, तर १० पॉइंटला ती सुमारे २.६ मिलिमीटर येते आणि ११ पॉइंटला २.८ च्या किंचित वर जाते. म्हणजे १० किमान मर्यादेच्या खाली राहतो आणि ११ ती जेमतेम ओलांडतो. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो.

तेवढेच पिक्सेल असलेल्या १५.६ इंची लॅपटॉपवर मात्र तोच ११ पॉइंट १.९ मिलिमीटरच्याही खाली येतो आणि लॅपटॉप जवळ घेऊन बसले तरी तो अपुराच पडतो. त्यावर उपाय म्हणून फॉन्ट वाढवू नका, स्केलिंग वाढवा, म्हणजे अक्षरे, बटणे, चिन्हे असे सगळेच एका प्रमाणात मोठे करा. तिथे १२५ टक्के हे डीफॉल्ट असावे. स्क्रीनची लांबी-रुंदी यंत्राकडून आपोआप विचारून घेण्याचा मोह होईल, पण काही टीव्ही आणि प्रोजेक्टर ती चुकीची सांगतात, तेव्हा त्या माहितीवर आंधळेपणाने विसंबू नका.

कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रोमन लिपीतले लहान ‘ई’ (e) हे अक्षर घ्या: त्यात तीन आडव्या रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या असतात. अक्षराला सहा पिक्सेलची उंची मिळाली, तर रेषांना तीन जाऊन उरलेले तीन दोन पोकळ्यांत सारखे वाटता येत नाहीत. एक पोकळी मिटल्यासारखी दिसते किंवा कडा धूसर होतात. सात पिक्सेल मिळाले की दोन्ही पोकळ्या सारख्या होतात आणि अक्षर एकदम मोकळे दिसते. तुम्ही निवडलेला फॉन्ट ११ पॉइंटला हे सात पिक्सेल देतो का, हे स्क्रीनशॉट मोठा करून स्वतः मोजून पाहा.

देवनागरीचा विचार तुम्ही प्रश्नात केलेला नाही, पण तो करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘वृद्धिंगत’ हा एकच शब्द पाहिला तरी पुरे: खाली ऋकार, मध्ये जोडाक्षर, वर वेलांटी आणि तिच्यापाशी अनुस्वार. आकार लहान झाला की ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांत मिसळू लागतात, अनुस्वार वेलांटीला चिकटतो, आणि बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठरवून टाकली असेल तर उकार खालून कापला जातो. म्हणून बटणांची आणि ओळींची उंची फॉन्टच्या प्रत्यक्ष मापांवरून काढली जावी. ती केवळ रोमन अक्षरे पाहून ठरवू नये.

वेगवेगळ्या आकारांबद्दल थोडक्यात सांगतो. टायटल बारला ठळकपणा पुरतो, आकार वाढवण्याची गरज नसते. टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोचा, मोनोस्पेस (प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असलेला) फॉन्ट मूळ फॉन्टच्या शेजारी ठेवून डोळ्यांना त्याच्याएवढाच दिसेल असा निवडावा. दुय्यम मजकूर लहान आणि फिकट अशा दोन्ही मार्गांनी दुबळा करू नये.

मी एकदा एका अंतर्गत वापराच्या प्रोग्रॅमसाठी ९ पॉइंट ठरवले होते, कारण माझ्या टेबलावर ते नीटनेटके दिसत होते. काही दिवसांनी पन्नाशी ओलांडलेले एक सहकारी काम करताना पाहिले. प्रत्येक तक्ता उघडला की ते खुर्चीतून पुढे झुकत, वाचत आणि पुन्हा मागे टेकत. त्यांनी तक्रार केली नव्हती आणि अक्षर मोठे करता येते हे त्यांना ठाऊकही नव्हते. टेप घेऊन मोजले तेव्हा त्यांची नजर स्क्रीनपासून ७० सेंटीमीटरवर होती, माझी ५० वर. सेटिंग्ज कधीच न उघडणाऱ्या अशा माणसासाठीच डीफॉल्ट असते, असे मी तेव्हापासून मानतो.

आकार नक्की करण्यापूर्वी मजकूर २०० टक्क्यांवर नेऊन तुमच्या सेटिंग्जची प्रत्येक विंडो एकदा उघडा. जिथे ‘रद्द करा’ आणि ‘जतन करा’ ही बटणे विंडोच्या बाहेर जातील किंवा एकमेकांवर चढतील, तिथली मांडणी दुरुस्त करा आणि मगच ११ हा आकडा कायम करा.