मावशी, मी खरंच नाटकं करते का?

"मावशी, वय 47, शुगर 15 वर्षं, इन्सुलिन चालू. अर्ध्या भाकरीत पोट टम्म होतं, सकाळी उलटीत रात्रीची भाजी तशीच पडते. शुगर कधी 60, कधी 280. नवरा म्हणतो टेन्शन घेतेस, सासूबाई म्हणतात नाटकं. लग्नाकार्याला जाणंच सोडलंय. रडू येतं सारखं." (कराडहून एक)

अगं, नाटकं करून रात्रीची भाजी सकाळी तशीच्या तशी बाहेर येते होय! आणि डॉक्टरांना तू नुसतं 'ॲसिडिटी होते' एवढंच सांगितलं असणार, हो ना? बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसांसारखीच पोट हलवणारी व्हेगस नसही खराब होऊ शकते, मग अन्न जठरातून पुढं सरकायलाच उशीर लागतो, गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात त्याला. तुला तेच झालंय असं मी इथं बसून नाही सांगणार, पण बघ ना, इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं आणि जेवण अजून पोटातच, म्हणून 60, आणि उशिरा ते खाली उतरलं की 280. यात तुझी काय चूक?

तर भाजीची गोष्ट डॉक्टरांना जशीच्या तशी सांग. आधी एंडोस्कोपी करून कुठं अडथळा नाही ना ते बघतात, मग पोट किती वेळात रिकामं होतं त्याचा स्कॅन. इन्सुलिनची वेळ मनानं बदलू नकोस. वजन कमी करायची ती आठवड्याची इंजेक्शनं (हल्ली जो तो घेतोय) चालू असतील तर तेही सांग, त्यानंही पोट मंदावतं. आणि सॅलडचा ढीग, जो शुगरवाल्यांना सगळे खायला सांगतात, तो यात उलट त्रास देतो, मऊ भात, मुगाचं वरण असं थोडं थोडं चार-पाच वेळा खाल्लेलं बरं, पण किती ते डॉक्टरांना विचारूनच.

नवऱ्याचं अर्धं खरंय, टेन्शननं पोट बिघडतं. पण रोज मळमळत असेल तर कुणाचंही मन खचेल, आणि शुगरवाल्यांत डिप्रेशन तसंही जास्त आढळतं. रडू येतं हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांग, कारण उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनं काहींचं मन अजून खालावतं. बोलायला घरात कुणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

लग्नाला जा गं, पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेव, पंगतीत आग्रह झाला तर सरळ 'डॉक्टरांनी बंद केलंय' म्हण. आणि तपासणीला नवऱ्याला सोबत ने, त्याच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडूनच पडू दे. मात्र पाणीही पोटात टिकेना झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस, लगेच दवाखाना गाठ.