हेडसेट घालून आईबरोबर जेवता येतं का, विचारलंस म्हणून

तू लिहिलंयस, "ताई, आम्ही मिरजेचे. ऑक्टोबरात म्युनिकला निघतोय, मुलगी तिसरीत आहे. आई मागं एकटीच राहणार. दोन्हीकडं व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून खोटं जग दाखवणारे डबे, घेतले तर एकत्र जेवल्यासारखं होतं का? आणि बाकी काय बघायचं?"

बाकीचं आधी उरकते. व्हिसा, ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचं परमिट, आल्यावर पत्त्याची नोंदणी हे सरकारी पानांवर नीट दिलंय, वाच. मी शाळेचं सांगते. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतच मुलांची पुढच्या वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडं नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची. इथं १ म्हणजे सगळ्यात वर, आकडा जितका लहान तितका बरा. आमची लेक तिसरीत आली, जर्मनचा गंध नव्हता. चौथीत २.६६ पडले. घरी जर्मन न बोलणाऱ्या, उशिरा आलेल्या मुलांना यात सवलत मिळू शकते, हे मला दीड वर्षानं कळलं, तेही बसस्टॉपवर एका तुर्की बाईकडून. वर्गशिक्षिकेनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण माझं जर्मन तेव्हा 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको' एवढंच होतं. लेक मजेत आहे गं. मीच अजून रात्री ती सरासरी काढत बसते. तुझी पण तिसरीतलीच, म्हणून एवढं लांबण लावलं.

आईला कायमचं आणायचं असेल तर १ मार्च २०२४ पासून ज्यांना कामाचं पहिलं परमिट मिळालं, त्यांच्या आईवडिलांसाठी वाट निघालीय. खर्चाची आणि आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते, विमाच अवघड. आम्ही २०२१ ला आलो, म्हणजे आम्ही त्यात नाही. आमच्या आईला पाहुणी म्हणून १८० दिवसांत ९० दिवस, आणि दर खेपेला हमीपत्र, बँकेचे कागद. एकदा तर तिच्या नावातलं एक अक्षर पासपोर्टवर वेगळं आणि विम्यावर वेगळं निघालं, त्यात दोन महिने गेले, आणि तोवर आंब्याचा सीझन संपला.

एकटेपणा असतो. नोव्हेंबरात जास्त. पुढं.

आता हेडसेट. आम्ही मेटा कंपनीचे क्वेस्ट ३ दोन घेतले, एक सुट्टीत सांगलीला आईकडं नेला. वजन ५१५ ग्रॅम. आईचा अंबाडा पट्ट्यात बसेना, मग तिनं वेणी घालायला सुरुवात केली. बॅटरी जेमतेम दोन तास. राउटर तिच्याकडं माळ्यावर आहे, २०१९ च्या पुरापासून विजेचं काही खाली ठेवायचं नाही हा तिचा नियम. तरी चाललं. पहिल्या दिवशी खोट्या टेबलाशी ती समोर बसलेली दिसली आणि मी रडले, हे कबूल करते.

पण बघ, यात समोर माणूस नसतो, त्याचा अवतार, म्हणजे संगणकानं काढलेली बाहुली, असतो. या हेडसेटमध्ये डोळे टिपणारा कॅमेराच नाही, त्यामुळं नजर यंत्र अंदाजानं फिरवतं. ओठ हलतात ते आवाजावरून. घास चावताना आवाज नाही, म्हणून अवतार तोंड मिटून बसलेला. भाकरी मोडायला दोन्ही हात जवळ आले की बोटं गायब. आपलं ताट मात्र बाहेरच्या कॅमेऱ्यातून दिसतं, म्हणजे मला माझं दिसायचं, तिला तिचं. पाणी प्यायला मान वर केली की पेला हेडसेटला आपटतो. आमटीची वाफ काचेवर धरते.

चार महिने असं 'एकत्र' जेवलो. मग शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुझी आई तो डबा डोक्याला लावून रिकाम्या टेबलाशी बसते, आणि तुमचं झालं की स्वयंपाकघरात उभ्यानं दूध-पोळी खाते. मी चिडून विचारलं, तर आई म्हणाली, "तुमचं जेवण झाल्याशिवाय मला गिळवत नाही."

खरं सांगू? सांगलीतही ती कधी आमच्या पंगतीला बसली नव्हती. वांगं वाढायची, "अजून अर्धी घे" म्हणायची, तव्यावरची शेवटची भाकरी तिची. मला ते तेव्हा कधी खटकलं नाही. आणि जे घरात एकदाही झालं नाही, ते मी अर्ध्या किलोच्या डब्यात घडवायला निघाले होते. तिथं तिला वाढता येईना, आग्रह करता येईना. मग बिचारी बसून काय करणार?

तेव्हा घेऊ नकोस. गूगलचं बीम म्हणून एक आहे, पूर्वी त्याला स्टारलाइन म्हणत, हेडसेट न घालता समोरचा माणूस जसाच्या तसा दिसतो म्हणे. पण ते ऑफिसांसाठी आहे, आपल्या माळ्यावर चढणारं नाही.

आम्ही आता साधा फोन हळदीच्या डब्याला टेकवून ठेवतो, ताट दिसेल असा. तिचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. तुमचं रात्रीचं जेवण आणि तिचं जमणारच नाही, तो हट्ट सोड. शाळेतून आलेली लेक पावाला लोणी लावून बसते, समोर आजी जेवते. लेक दरडावते, "आजी, ताट तिरकं कर." काल एक भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, खर्डा. दुसरी भाकरी घेतलीस का विचारलं, तर म्हणाली नेट गेलं. नेट गेलेलं नव्हतं.

इथं आलीस की आमच्याकडचा हेडसेट घेऊन जा, मुलीला खेळायला होईल, पैसे नकोत. आईचा गेल्या खेपेला परत आणलाय, तो मात्र मागू नकोस. पट्ट्याला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास येतो.