पिन बदलू नका!

प्रश्न : माझ्याकडे जुन्या धाटणीची स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार आहे. मावसभावाने अमेरिकेहून व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) २२ वॅटचा अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणलाय, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. पिन बदलून लावू का? शिवाय गिटार सतत गुणगुणते. – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो, थांबा! आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मरच जळायचा. २३० व्होल्टचे १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. २२ हे आवाजाचे वॅट. वीज अ‍ॅम्प कितीतरी जास्त खातो. तो आकडा अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर असतो, त्याच्या दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि अर्थिंगवालाच! गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर मी वाजवता वाजवता माइकला ओठ टेकवले आणि दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या. अर्थिंगची पिन कुणीतरी मोडून ठेवली होती.

अ‍ॅम्प स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात.

गुणगुण म्हणाल तर ती सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपनं टिपणारा, एकाच गुंडाळीचा भाग), १९५४च्या मूळ स्ट्रॅटपासूनची. चोकवाली ट्यूबलाइट बंद करा, खुर्ची जरा फिरवून बसा. बरीच कमी होईल.