वजन कुठे मिळवायचं, कुठे वजा करायचं?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. दोरीला बांधलेली वस्तू उभ्या वर्तुळात फिरते त्या गणितात वरच्या टोकाला दोरीतला ताण आणि वजन यांची बेरीज घेतात, खालच्या टोकाला वजाबाकी. मौत का कुआँच्या (उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवतात त्या) गणितात तर अभिकेंद्री बलात, म्हणजे केंद्राकडच्या बलात, वजन येतच नाही. असं का? आणि अभिकेंद्री बलाचा बाण वेगळा काढायचा का?
– एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : ताई, खरी गोम तुझ्या शेवटच्या प्रश्नात आहे. तो बाण काढायचाच नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही फळ्यावर काढायचो, आता कबूल करायला हरकत नाही. वडील बाजारात ज्वारी विकतात तेव्हा हिशेबाच्या पट्टीवर मालाची रक्कम असते, त्यातून हमाली-तोलाई वजा होते आणि खाली निव्वळ रक्कम येते. ती निव्वळ रक्कम कुणी पुन्हा वरच्या आकड्यांत मिळवत नाही. ताण, वजन, भिंतीचा रेटा, घर्षण या खऱ्या नोंदी. केंद्राच्या दिशेने निव्वळ जे उरतं ते अभिकेंद्री बल.

गुरुत्व त्वरण कुठेही जात नाही. ते कायम ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग, कायम खाली. केंद्र मात्र जागा बदलतं. दोरीला बांधलेली पाण्याची बादली उभी गरगर फिरवतोय असं समज. बादली डोक्यावर असताना केंद्र तिच्या खाली, म्हणून वजन ताणाच्या बाजूचं. बादली पायाशी असताना केंद्र वर, म्हणून वजन विरोधात. सारंगखेड्याच्या यात्रेत कुआँ पाहिला असशील, तर तिथे वर्तुळ आडवं. केंद्राकडे ढकलते ती भिंत, आणि वजन पेलतं घर्षण.

आता घरी करून बघ. दोरी आणि हात मिळून त्रिज्या ०.९ मीटर धर. वरच्या टोकाला ताण शून्य झाला तर केंद्राकडे ओढायला एकटं वजन उरतं. मग वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या बरोबर ९.८, म्हणजे वेग साधारण ३ मीटर प्रतिसेकंद. याहून हळू फिरवलंस तर अंघोळ ठरलेली. जोरात फिरवलंस तर बादलीचा तळ पाण्याला खाली दाबतो आणि थेंब सांडत नाही. पाण्याचं वजन दोन्ही वेळा तेवढंच असतं, हे मात्र विसरू नकोस.

वर एवढाच वेग असेल आणि मधे हाताने जोर लावला नाही, तर खालच्या टोकाला ताण वजनाच्या सहापट होतो. बादली नि पाणी मिळून ३ किलो असेल तर दोरीला १८ किलो टांगल्यासारखं. मला हे अंगणात कळलं. वर सगळं छान चाललं होतं, खाली आल्यावर बादलीची कडी निसटली. बादली केंद्रापासून बाहेर फेकली गेली नाही, त्या क्षणी ज्या दिशेने चालली होती तशी सरळ सुटली, आणि म्हशीच्या गव्हाणीत. आई ओट्यावरून ओरडली, "काय करी ऱ्हायना रे?"