घर आपले, फलकाचे नियम संघटनेचे

प्रश्न : न्यू जर्सीतील आमच्या वसाहतीच्या संघटनेने, घरांच्या किमती घसरतील असे कारण देऊन, खिडकीतील निवडणूक फलक काढण्याची नोटीस पाठवली आहे. स्वतःच्या घरातही हे चालते का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : नोटीस सरकारी असती, तर उत्तर सोपे होते. मिझुरीतील लाड्यू शहराने घरांवरील बहुतेक फलकांना बंदी घालताना घरांच्या किमतींचेही कारण दिले होते. खिडकीत आखाती युद्धाविरुद्धचा छोटा फलक लावणाऱ्या रहिवासी महिलेच्या बाजूने 1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. आपल्या घराची किंमत टिकावी असे मालकालाच वाटत असते, त्यामुळे फलकांचा बुजबुजाट होण्याची भीती फारशी नाही, हे न्यायालयाचे निरीक्षण मला मार्मिक वाटते.

परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती फक्त सरकारला बांधते. खासगी संघटनेचे नियम आपण घर घेताना कराराने स्वीकारलेले असतात. सुदैवाने न्यू जर्सीची राज्यघटना अधिक उदार आहे; ती काही वेळा अशा खासगी संघटनांनाही बांधते. प्रत्येक खिडकीत एक आणि घरालगतच्या फुलझाडांच्या वाफ्यात एक फलक लावू देणारे ट्विन रिव्हर्स वसाहतीचे नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये वैध ठरवले. मात्र 2012 मध्ये, ‘घर विकणे आहे’ एवढ्याच फलकाला मुभा देणारी दुसऱ्या वसाहतीची बंदी, निवडणूक लढवणाऱ्या रहिवाशाच्या बाबतीत, अमान्य केली. तेव्हा प्रथम नियमावली मागवून बंदी सरसकट आहे की केवळ आकार व जागेपुरती आहे ते तपासा, आणि सरसकट असल्यास 2012 च्या निकालाचा हवाला देऊन लेखी उत्तर द्या.