आजी कुणाला ‘सांगत’ का नाही

प्रिय रुथी, सलाम.

तुझा मेसेज काल आला पण नाइट ड्युटी होती, आत्ता घरी येऊन चहा टाकलाय आणि लिहायला बसलेय. तर तुमच्या यूथ ग्रुपमध्ये प्रत्येकाला तीन मित्रांची नावं लिहायला सांगितलीत, ह्यांना वर्षभरात येशूबद्दल सांगायचं म्हणून, आणि तुझा प्रश्न असा की आपली नगरची आजी एवढी प्रार्थनावाली, गल्लीत निम्मी घरं हिंदू-मुसलमानांची, तरी तिने कधी कुणाला धरून बसवलेलं तू पाहिलं नाहीस, मग ती घाबरते का?

आजी आणि घाबरणार! अगं ती सांगते की, पण आपल्याकडची पद्धतच वेगळी आहे.

आजोबांच्या बायपासनंतर घरी उपकारस्तुतीची मिटिंग ठेवली होती, तू लहान होतीस, तुला बहुतेक फक्त जेवण आठवत असेल. आपल्या लोकांत काही चांगलं झालं की हे ठरलेलंच, पोरगं दहावी पास झालं, बोअरला पाणी लागलं, माणूस दवाखान्यातून धड घरी आलं, की अंगणात मंडपवाल्याच्या खुर्च्या, पेटी, ढोलकी, झांजा, उपासना संगीत ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातली गाणी, पास्टरांचा संदेश (तो लांबतोच) आणि मग घरातलं कुणीतरी उठून साक्ष देतं. त्या दिवशी आजी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणले होते गॅरंटी नाही. मी रात्रभर जिन्यात बसून देवाशी भांडले. सकाळी ह्यांनी डोळे उघडले अन् चहा मागितला." मग ज्याने रक्त दिलं त्याचं नाव, आठवडाभर डबा पोचवणाऱ्या शेजारच्या काकूंचं नाव, पैसे न घेणाऱ्या रिक्षावाल्या चाचांचं नाव, सगळ्यांचे आभार एका दमात मानून खाली बसली. काकू आणि चाचा समोरच बसलेले होते. कुणाला काही स्वीकारा म्हणाली नाही, पण तिच्या घरात काय झालं आणि ती ते कुणाचं देणं मानते हे सगळ्या गल्लीने ऐकलं. आता ह्याला सांगणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बायबलमधला मार्कचा पाचवा अध्याय काढून बघ. ज्या माणसातली भुतं येशूने काढली तो म्हणतो मला बरोबर घ्या, तर येशू त्याला घेत नाही, म्हणतो घरी जा, आपल्या माणसांना सांग प्रभूने तुझ्यासाठी काय केलं. वाद घाल, पटवून दे असं काही नाही. आणि पेत्र लिहितो की कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, पण सौम्यपणे. विचारलं तर, हे बऱ्याच उत्साही मंडळींच्या नजरेतून सुटतं असं माझं मत आहे.

आता तू म्हणशील की अनोळखी माणसाला सांगूच नये का. तसंही नाही, नाहीतर आपल्याला कवी ना. वा. टिळक मिळालेच नसते. टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते, डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी कवितेबिवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात दिला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग परत एकत्र आले तरी बाई आपला धर्म पाळत होत्या, आणि टिळकांनी त्यांना ओढलं नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्याने विचार करत आधी जातपात सोडली आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. जो माणूस अख्ख्या महाराष्ट्राला अभंग-भजनांतून ख्रिस्त सांगत होता तो घरात बायकोसाठी थांबला, हे तीन नावांच्या यादीत कसं भरणार ग?

हंगामाच्या सणाचं राहिलंच. चर्चमध्ये लोक शेतातलं पहिलं आणतात, ज्वारीची कणसं, भोपळे, गावरान कोंबडी सुद्धा, आणि उपासनेनंतर कंपाउंडमध्ये लिलाव होतो. एकजण कोंबडी चढ्या भावाने घेतो आणि परत देवाला देऊन टाकतो, की पुन्हा बोली सुरू, ती बिचारी कोंबडी दोन-तीनदा विकली जाते आणि सगळे हसून लोटपोट. बघायला शेजारपाजारचे पण येतात, कुणी बोली पण लावतं.

तर तुझं काय करायचं. नावं लिहायची नसतील तर लिहू नकोस, लीडरला सरळ सांग की मला मैत्रिणींची यादी करायला आवडत नाही, लीडरबाई चिडणार नाहीत, आणि चिडल्या तर माझा नंबर दे. पण परीक्षेच्या वेळी तू तापाने पडलीस तेव्हा ज्या मुलीने तुला सूप करून दिलं होतं तिला शनिवारी जेवायला बोलव. जेवायच्या आधी नेहमीसारखी प्रार्थना कर, मोठ्याने, तिचं नाव घेऊन आभार मान. काय करतेस विचारलं तर सांग, नाही विचारलं तर भात वाढ.

मटणाचा मसाला संपला असेल तर कळव, आजीने दिलेल्यातला अजून अर्धा डबा माझ्याकडे आहे, कुरियर करते.

तुझी,
आई