नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर मागच्या पायाने लंगडतोय. घरातली कॉम्बिफ्लामची अर्धी गोळी दिली तर चालेल का?

नका देऊ. मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा गोळी देऊन झाल्यावर येतो. तुम्ही आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तुमचा लॅब तीसेक किलोचा असेल, तर अर्ध्या गोळीने आज कदाचित काही दिसणारही नाही. उलट संध्याकाळी तो जरा बरा चालेल. घात तिथेच होतो. पाय बरा वाटतोय म्हणून तुम्ही उद्या द्याल, परवा द्याल, आणि तोवर जठराला आतून जखमा होत राहतील. सहा किलोच्या स्पिट्झला अख्खी गोळी दिली तर एवढाही वेळ मिळत नाही.

सांधा सुजतो, ठणकतो त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांचा हात असतो. पण जठराला ॲसिडपासून जपणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणं हेही त्यांचंच काम. आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी ठणक्याबरोबर हे रक्षणही कमी करते. शिवाय कुत्र्याचं शरीर आपल्यासारखं औषध बाहेर टाकत नाही. नॅप्रोक्सेन या अशाच दुसऱ्या गोळीची रक्तातली मात्रा निम्म्यावर यायला माणसात अर्धा-पाऊण दिवस लागतो, कुत्र्यात सुमारे तीन दिवस. त्यामुळे वजनाच्या हिशोबाने तुकडा मोडून देण्यात काही अर्थ नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही नको, आणि तुम्ही स्वतःच्या गुडघ्याला त्याचं जेल लावलं असेल तर कुत्र्याला तो पाय चाटू देऊ नका.

कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही औषधं आहेत, मीही लिहून देतो. पण तीही निर्धोक नाहीत. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१, म्हणजे तुमच्या कुत्र्याला रोजचे तीन मिलिग्रॅम. माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमचीही मिळते! नऊ वर्षांच्या कुत्र्याला सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (यातून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. आणि खाजेसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा. स्टेरॉइड आणि ही औषधं एकत्र पडली की जठराला, लहान आतड्याला भोक पडू शकतं, आणि त्यातून कुत्रा वाचवणं फार अवघड असतं. हे मी पुन्हा पुन्हा बजावतो, कारण लोक खाजेचं औषध वेगळं आणि पायाचं वेगळं धरतात.

औषध चालू असताना रोज शी बघा. डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची असेल तर थोडी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर पुसून पाहा. कडेने लालसर छटा पसरली तर बहुधा आत रक्तस्राव होतोय. जेवणाकडे पाठ फिरवणं, उलटी, अचानक वाढलेली तहान, पिवळट हिरड्या, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. उलट्या-जुलाब चालू असताना तर डोस द्यायचाच नाही, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडं आधी मार खातात.

घरात कुणी गोळी आधीच दिली असेल तर मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका. गोळ्यांची पट्टी सोबत घ्या, किती वाजता किती दिली ते लिहून घ्या आणि तडक दवाखाना गाठा. पहिल्या एक-दोन तासांत बरंच करता येतं.